उरलेल्या रोलातल्या वेली

वेलींचे फोटो मी काढायला लागलो ते फुलांच्या आवडीने नव्हे. रोल वाया जाऊ नये म्हणून.

तेव्हा कॅमेऱ्यात रोल घालावा लागे. एका रोलात छत्तीस फोटो. किलवणी नाक्याकडून आत वळलं की सरकारी क्वार्टर्सच्या भिंतीला लागून माझं पत्र्याचं दुकान होतं. गलोंड्याच्या आणि पिपरियाच्या कारखान्यांतले कामगार गेटपासच्या फोटोसाठी येत, शाळेच्या फॉर्मसाठी मुलं येत, रविवारी खानवेलच्या बसमधून उतरून एखादं नवं जोडपं येई. अशी माणसं घेता घेता रोलाच्या शेवटी तीन-चार फोटो उरत. नेमकं तेव्हाच एखादं मोठं कुटुंब दारात उभं राहिलं, तर त्यांना मध्येच थांबवून रोल बदलणं मला पटत नसे. माणूस घरून जे हसू घेऊन येतो ते एकदाच वापरता येतं. रोल तसाच ठेवावा तर सकाळच्या गिऱ्हाइकांना फोटो संध्याकाळी हवे असत. आणि उरलेले फोटो कोरेच धुवायचे म्हणजे माझ्यासारख्याच्या जिवावर यायचं. मग मी कॅमेरा गळ्यात अडकवून मागच्या क्वार्टर्समध्ये शिरायचो आणि जी वेल फुललेली दिसेल तिच्यावर रोल संपवायचो.

या वस्तीत झाडं थोडी आणि वेली फार होत्या. त्याचं कारण मला पुढे लक्षात आलं. तिथे राहणारी माणसं बदलीची. कुणी मुंबईहून आलेला कारकून, कुणी रत्नागिरीकडचे मास्तर, कुणी बांधकाम खात्यातले. इथे दोन वर्षं काढायची की निवृत्तीपर्यंत, हे त्यांचं त्यांना ठाऊक नसे. अशा माणसाला आंब्याचं रोप लावायचा धीर होत नाही. पण वेलीची काडी खोचली की पुढच्या पावसाळ्यात ती दारावर चढते. बदली झाली तर मागे ठेवून जाताना फार दुखतही नाही. मग ज्याने त्याने गावाहून काडी आणायची, शेजाऱ्याला एक द्यायची आणि कुंपणाच्या तारेवर सोडून द्यायची.

मी भाव करणारा माणूस आहे. खानदेशातून इथे आलो तेव्हा अंगावरचे कपडे आणि एक पिशवी एवढंच होतं. धाग्याच्या कारखान्यात मशीनवर उभा राहिलो. तिथल्याच एका माणसाला पैशाची नड होती म्हणून त्याचा जुना कॅमेरा घेतला, तोही चार दिवस त्याच्या दारात बसून, भाव पाडून. दुकानाची जागा एका गुजराती शेठची. त्याच्याशी भाड्यावरून माझी दर दिवाळीला जुंपायची. तो म्हणायचा, "अरे भाई, तू फोटो काढतो की माझा जीव काढतो?" मी म्हणायचो, "शेठ, जीव काढला तर भाडं कुणाला देऊ?" मग चहा यायचा. माझा आवाज चढला की बाजूच्या सायकलवाल्याला कळायचं की सौदा आता जमत आला. खरा राग आला की मी गप्प बसतो. ते फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

पण त्या क्वार्टर्समध्ये भाव करायला काही जागाच नव्हती, हे मला सुरुवातीला फार अवघड गेलं. पहिल्यांदा एका कारकुनाच्या बायकोच्या फाटकावरची संक्रांतवेल पाहिली. जानेवारी महिना. फाटक दिसत नव्हतं, नुसता केशरी रंग खाली लोंबत होता. मी रीतसर म्हणालो, "वहिनी, दोन फोटो काढू द्या, एक कॉपी तुम्हाला फुकट."

"कॉपी कशाला? वेल काय आम्ही रंगवलीय?" त्या म्हणाल्या. "काढा की. आणि उन्हात उभे आहात, पाणी आणते."

देवाणघेवाण न करता काही मिळालं की मला आपण फसलो असं वाटायचं. त्या दिवशी मी कॉपी नेऊन दिलीच. त्यांनी ती घेतली आणि वाटीभर चिवडा दिला. हिशेब पुन्हा चुकला.

हळूहळू मला वेलींच्या वेळा कळत गेल्या. गारवेलीची निळी फुलं सकाळीच गाठावी लागतात, दुपारपर्यंत ती मिटून जातात. मधुमालतीचा घोस संध्याकाळी पांढरा उमलतो, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतो, मग लाल. एकाच झुबक्यात तिन्ही रंग हवे असतील तर दिवस पाहून जावं लागतं. जाईचं पांढरं फूल कडक उन्हात फोटोत नुसता चुन्याचा ठिपका होतं, तिच्यासाठी ढग हवेत. गणेशवेलीचं फूल इतकं लहान की श्वास लागला तरी हलतं. कृष्णकमळ एका दिवसाचं. कॉलनीतल्या बाया मला येता-जाता खबर द्यायच्या. "फोटोवाले, आमच्याकडे उद्या कृष्णकमळ आहे हो!" जणू घरी पाहुणे यायचे आहेत.

गोकर्णाने मला फार छळलं. फूल गडद निळं आणि फोटोत यायचं जांभळट गुलाबी. रंगीत रोल मी वापीच्या लॅबमध्ये धुवायला पाठवत असे. एकदा ते फोटो घेऊन थेट वापीला गेलो आणि लॅबवाल्याच्या काउंटरवर खरं फूल आपटलं.

"हे काय आहे?"

"गोकर्ण."

"आणि हे?"

त्याने फोटो उजेडात धरला. "शेठ, मी काय करू? फिल्मलाच तो निळा तसा दिसतो."

मला ते पटलं नाही. मी दोन लॅब बदलल्या. तिसऱ्यानेही तेच सांगितलं तेव्हा त्याच्याशीही भांडलो. मग मात्र मी गोकर्ण काळ्या-पांढऱ्या रोलावर काढायला लागलो आणि तो सुंदर यायला लागला.

फक्त एका वेलीला मी कधी रोल दिला नाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये एक मास्तरीणबाई राहत. कोकणातल्या, शाळेत गणित शिकवायच्या, आवाज वर्गात पोचेल असा. त्यांच्या न्हाणीघराच्या पत्र्यावर दर पावसाळ्यात एक भाजीची वेल चढलेली असे. आम्ही खानदेशी तिला गिलकी म्हणतो, त्या घोसाळी म्हणायच्या, आणि आमच्या गुजराती शेठाणीला ते गलकां. मोठी पिवळी फुलं, खरखरीत पानं, मध्ये लोंबणारी हिरवी फळं. मी समोरून कॅमेरा घेऊन निघालो की बाई दारातून म्हणायच्या, "का हो फोटोवाले, सगळ्यांच्या वेलींचे फोटो काढता, आमच्या घोसाळीने तुमचं काय घोडं मारलंय?"

"बाई, भाजीचा फोटो कोण भिंतीवर लावतं?"

"भजी खायला मात्र येता."

हे खरं होतं. घोसाळ्याची भजी त्यांनी मला कितीदा खाऊ घातली असतील. माझी चूल म्हणजे एक स्टोव्ह आणि दोन भांडी. पावसाळ्यात दुकानात गिऱ्हाईक नसलं की बाई भिंतीवरून हाक मारायच्या आणि कागदात गुंडाळलेली गरम भजी पलीकडून द्यायच्या. मी हिशेब म्हणून त्यांच्या शाळेच्या ओळखपत्राचे फोटो कमी दरात काढून दिले. त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही माणूस बरे आहात, पण सारखे दुकानातच बसलेले असता, घरी आलात तरी."

आता मूळ गोष्टीकडे येतो. जो माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या आयांचे फोटो काढत होता, त्याच्याकडे स्वतःच्या आईचा एकही फोटो नव्हता. आणि फोटो अस्तित्वात होता. हे माझं दुखणं.

माय सांगायची. मी कडेवरचा होतो तेव्हा मामाच्या गावच्या जत्रेत एक फोटोवाला आला होता, काळं फडकं डोक्यावर घेणारा. मामाने हौसेने बहिणीच्या कुटुंबाचा फोटो काढवून घेतला, स्वतःच्या घराच्या दारात. बाप खाटेवर बसलेला, दादा बाजूला उभा, मी मायच्या कडेवर. "नवं लुगडं नेसले होते मी," माय म्हणायची आणि पुढे काही सांगायची नाही. फोटो मामाकडेच राहिला. मी तो कधी पाहिला नाही. मी गाव सोडल्यानंतर मामा वारला आणि फोटो दादाकडे आला.

माय गेली तेव्हा मी कारखान्यात होतो, कॅमेरा अजून हाती यायचा होता. दादाने तार उशिरा केली. मी पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, चूलही पुन्हा पेटली होती. मी ओट्यावर बसलो आणि दादाला एवढंच म्हणालो, "मामाकडचा फोटो दे."

"नाही," तो म्हणाला.

"कॉपी करून घेतो आणि परत देतो."

"नाही म्हटलं ना."

भरल्या घरात मी उभा राहिलो. भाव करायची सवय जात नाही. म्हणालो, "शेतातला माझा वाटा सोडतो. सही करतो आत्ता. फोटो दे."

दादाचा चेहरा काळा पडला. "मी काय दुकान मांडेल आहे का?" एवढं बोलून तो गोठ्यात निघून गेला. त्या दिवशी मात्र मी गप्प बसलो नाही; पाव्हण्यांसमोर जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याच बसने परत आलो.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी तो सौदा सोडला नाही. आमच्या भागातली पोरं इथल्या कारखान्यांत लागायची, सणाला गावी जायची. त्यांच्या हाती निरोप पाठवायचो: फोटो दे, पाहिजे ते माग. निरोप यायचा: तब्येत सांभाळ. मला वाटायचं, दादा भाव वाढवतोय. मीही असतो तर तेच केलं असतं. मोठ्या भावाला आई तशीही जास्त मिळालेली असते, आणि त्यावर हा तिचं तोंडही कुलपात ठेवून बसलाय, असं मी रात्रंदिवस घोळवत असे. मास्तरीणबाईंना हे सगळं ठाऊक होतं, कारण भज्यांबरोबर माणूस बोलतोच. त्या म्हणायच्या, "जा एकदा, समोर बसा, आणि भाव करू नका." मी म्हणायचो, "मग काय करू?" त्या तोंड उघडायच्या. तेवढ्यात शाळेची घंटा व्हायची.

दादा स्वतःच आला. श्रावण संपत आला होता. नव्वद सालानंतरची गोष्ट. दुकानाला तोवर पत्र्याच्या जागी पक्की भिंत आली होती. मी एका कामगाराच्या खांद्यावरची धूळ झटकून त्याला सरळ बसवत होतो आणि दारात पांढरी टोपी दिसली. डोकं ओळखीचं, पाठ ओळखीची नाही. वाकली होती.

"चालू दे तुझं," दादा म्हणाला आणि बाकावर बसला. मांडीवर उपरण्यात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. ते पाहिल्यावर त्या कामगाराचा फोटो मी कसा काढला, देव जाणे.

गिऱ्हाईक गेलं. मी चहा सांगितला. दादाने भिंतीवरच्या वेली पाहिल्या, एकेक करून, हात मागे बांधून. मग म्हणाला, "वाळवी लागली."

"कशाला?"

"फ्रेमले. मागून खात आली. खालचा भाग गेला. गावातला फोटोवाला म्हणे, हात लावला तर तुकडे होतील. म्हणे, तुमचा भाऊच आहे ना, त्याच्याकडे न्या."

मला काय वाटलं ते सांगतो. दया नाही वाटली. इतक्या वर्षांनी माल माझ्या दारात आला होता आणि नड त्याची होती. मी खुर्ची ओढून समोर बसलो. "कॉपी करून देतो. मोठी, फ्रेम घालून. पण मूळ फोटो माझ्याकडे राहील."

दादा माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला. खूप वर्षांनी पाहिलं त्याला हसताना. वरचे दोन दात नव्हते. "आधी माल तर बघ, व्यापारी," तो म्हणाला आणि उपरणं सोडलं.

जाड पुठ्ठ्यावरचा तपकिरी फोटो. खालून वाळवीने खाल्लेला, बापाची पावलं आणि खाटेचे पाय गेलेले. बाप ताठ बसलेला. बाजूला दादा, सात-आठ वर्षांचा, हात मांड्यांना चिकटवलेले, गाल फुगलेले. मागे मामाचं दार आणि दारावर चढलेली वेल, तिचं एकेक पान, पानावरची शीर मोजता यावी इतकी स्वच्छ. आणि वेलीच्या पुढे लुगडं नेसलेली एक बाई, कडेवर मूल. बाईला तोंड नव्हतं. मानेच्या वर एक पांढुरका फराटा होता, कुणी ओलं बोट फिरवावं तसा. मुलाचा एक हातही तसाच, फराटा होऊन वेलीकडे गेलेला.

माझ्या धंद्यातली गोष्ट. मला समजायला वेळ लागला नाही. जुना कॅमेरा, क्षणभर सगळ्यांनी दगड व्हायचं असतं, आणि ती हलली होती.

"वेलीच्या फुलावर भुंगा बसेल होता," दादा म्हणाला. "काळा, मोठा. तू त्याले पकडायला हात घातला. ती वळली तुझ्याकडे. फोटोवाला वरडला, पण झालं होतं."

मी फोटो उजेडाकडे वळवला.

"मले सांगेल होतं, हलायचं नाही. मी श्वास धरून उभा राहिलो. चक्कर आली तरी हललो नाही. बघ." त्याने त्या फुगलेल्या गालांवर बोट ठेवलं. "मी हललो नाही, बाप हलला नाही. तू हलला, आणि माय गेली. मलेही हाच एक फोटो आहे. तिचं तोंड मलेही उरलं नाही, एकट्या तुलेच नाही."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"कधी? तिला जाळून आलो होतो, तेव्हा? तुझ्यापायी तिचं तोंड आलं नाही, हे मी तुले तेव्हा सांगू?" दादाने बशीत चहा ओतला, पण प्याला नाही. "आणि तू शेताचा वाटा द्यायला निघाला. या असल्या फोटोले शेत घेऊ मी तुझ्याकडून?"

मी माझा कप बाजूला सारला. इतकी वर्षं मी ज्याला भाव वाढवणं समजत होतो, ते हे होतं. राग कुठे ठेवावा कळेना. तो इतका जुना होता की त्याच्याशिवाय उभं राहायची सवयच नव्हती. शेवटी मी विचारलं, "तिनं पाहिला होता हा?"

"मामाकडे, एकदा. हसली. म्हणे, बरं झालं बाई, पोरगं आणि वेल आली, मी घरी रोज असतेच."

हे ऐकून मात्र मी आत अंधारखोलीत गेलो आणि जरा वेळ तिथेच थांबलो. बाहेरून दादाला वाटलं असेल, काम करतोय.

परत आलो तेव्हा तो म्हणाला, "तू लोकांना तोंड बसवून देतो म्हणे."

देत होतो. हा आमच्या धंद्यातला मोठा भाग. कुणाचे वडील गेले की घरात एकच फोटो निघायचा, लग्नाच्या गर्दीतला. मग त्यातलं तोंड कापून कोट-टोपीच्या तयार फोटोवर बसवायचं. फोटोच नसेल तर वापीला एक रंगवणारा होता. घरच्यांनी वर्णन सांगायचं, त्याने चेहरा काढायचा, मी त्याचा फोटो करायचो. लोक पाया पडून घेऊन जात.

"होईल," मी म्हणालो. "सांग, कपाळ कसं होतं?"

"मोठं."

"लहान होतं, दादा. कुंकवाने भरून जायचं."

"तुले काय माहीत? मोठं होतं. आणि हनुवटीवर गोंदलेलं, डाव्या अंगाला."

"हनुवटीवर? दोन भुवयांच्या मध्ये होतं."

"ते आत्याचं!"

"आत्याला गोंदणच नव्हतं!"

आवाज चढले. सायकलवाला दारात डोकावला आणि सौदा चाललाय समजून परत गेला. नाक, डोळे, कानातलं, प्रत्येक गोष्टीवर आम्ही वाद घातला. तो सांगत होता ती तरुण माय होती, भाकरी थापता थापता गाणारी. मी सांगत होतो ती केस पांढरे झालेली, जिने मला पिशवीत शेंगदाण्याचे लाडू बांधून एसटीत बसवलं. दोन बाया होत्या त्या. रंगवणाऱ्याने कुणाची काढली असती? ज्याची काढली नसती तो आयुष्यभर भिंतीवर परकी बाई बघत बसला असता.

आम्ही दोघंही एकदमच दमलो.

तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. शाळेच्या कुठल्याशा समारंभाचे फोटो न्यायचे होते. दादाकडे पाहून त्यांना काय ते कळलं असावं, कारण नेहमीची चेष्टा त्यांनी केली नाही. काउंटरवरचा फोटो त्यांनी दोन्ही हातांनी जवळ ओढला, चष्मा वर केला.

"अगं बाई! ही तर घोसाळी!" त्या म्हणाल्या. "केवढी फुललीय!"

मी आणि दादा दोघंही वाकलो. खरंच. इतका वेळ आम्ही त्या फराट्याकडे पाहत होतो. वेल कुठली हे पाहिलंच नव्हतं. पाच कोनांची ती पानं, कातरल्यासारख्या कडांचं फूल, आणि बापाच्या टोपीजवळ लोंबणारं एक लांबट फळ.

"गिलकी हो, बाई," दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "मामीच्या दारात असायची. भाजी करायची मामी."

"मग तुमच्या धाकट्या भावाला सांगा," बाई म्हणाल्या. "माझ्या दारची घोसाळी इतकी वर्षं फुलतेय. यांच्या भिंतीवर सगळ्या जगाच्या वेली आहेत. माझी नाही."

दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मी कॅमेरा उचलला. रोलात थोडे फोटो उरले होते.

न्हाणीघराच्या पत्र्यावर वेल अशी दाटली होती की पत्रा दिसत नव्हता. पिवळी फुलं उन्हाकडे तोंड करून उघडली होती. मी आधी नुसती वेल घेतली, एक लांबून, एक जवळून. मग बाई म्हणाल्या, "अहो, दादांना उभं करा की तिथे."

दादाने टोपी नीट केली, सदऱ्याची बटणं लावली, आणि वेलीपुढे जाऊन उभा राहिला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. हात मांड्यांना चिकटलेले. गाल फुगलेले. तो श्वास धरून उभा होता.

कॅमेऱ्यातून ते पाहिलं आणि माझं बोट जागच्या जागी राहिलं. आठ वर्षांचा तो मुलगा अजून हलला नव्हता. सगळ्यांनी नीट राहावं म्हणून तो इतकी वर्षं तसाच उभा होता, घर धरून, शेत धरून, माझे निरोप ऐकत. मी इथे फुकट मिळणाऱ्या चिवड्याचा हिशेब ठेवत बसलो होतो आणि त्याच्याकडून मिळालेल्याचा कधी ठेवलाच नव्हता.

"दादा," मी म्हणालो, "श्वास सोड. आता हललं तरी फोटो येतो."

"खरं?"

"खरं."

त्याने श्वास सोडला. नेमका तेव्हाच एक काळा भुंगा घूं करत त्याच्या कानाजवळच्या फुलात शिरला. दादाने दचकून मान वळवली, मग हसला, ते दोन दात नसलेलं हसू, आणि मी बटण दाबलं. बाई मागून म्हणाल्या, "आला का? तोंड आलं का त्यांचं?" आणि आम्ही दोघंही असे हसलो की बाईंना काही कळेना.

आलं होतं. स्वच्छ आलं होतं.

मूळ फोटो दादा घेऊन गेला. मी अडवलं नाही. मी त्याची नीट कॉपी केली, वाळवीने खाल्लेला भाग तसाच ठेवून, फराटाही तसाच ठेवून. निगेटिव्ह माझ्याकडे आहे, आणि आमच्या धंद्यात निगेटिव्ह ज्याच्याकडे तोच मालक. म्हणजे सौद्यात मी अगदीच हरलो असं नाही. तार उशिरा का केली, यावरून आम्ही अजून भांडतो. दर भेटीत भांडतो. तो म्हणतो पोस्ट बंद होतं, मी म्हणतो नव्हतं.

वेलींच्या भिंतीवर मी त्या कॉपीला मधोमध जागा केली आणि शेजारी दादाचा फोटो लावला. गिऱ्हाइकं बाकावर बसून पाहत. त्या फराट्याबद्दल फार कुणी विचारलं नाही. सगळे वेलीबद्दलच विचारत. कुणी म्हणे गिलकी, कुणी म्हणे घोसाळी, आणि शेठाणी आली की ठासून सांगायची, "गलकां छे." मी सगळ्यांना हो म्हणायचो. त्यानंतर ज्या ज्या पावसाळ्यात बाईंची वेल फुलली, त्या त्या पावसाळ्यात रोलाचे शेवटचे फोटो तिचे असत. आणि भिंतीवरून आलेली भजी मी खायचो, बदल्यात काही न देता. तेवढं शिकायला मला फार वेळ लागला.